एका झडपेचा हिशेब

हे लिहिण्यास तिने परवानगी दिली ती दोन अटींवर: तिचे नाव कुठेही यायचे नाही आणि हिशेबातला एकही आकडा चुकायचा नाही. पहिली अट पाळणे सोपे आहे. तिला मी इथे माझ्या विद्यार्थिनीची आई एवढेच म्हणेन. दुसऱ्या अटीसाठी माझ्याजवळ शंभर पानी वही आहे आणि हे सगळे मी ती समोर ठेवूनच लिहीत आहे.

मी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. ही बाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवत असे. त्या वेळी या कामाला महिन्याला १,००० रुपये मानधन होते. वय चौतीस. नवऱ्याने सोडून दिल्यावर नऊ वर्षांपूर्वी कडेवरच्या मुलीला घेऊन ती माहेरी आली होती आणि भावाच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. स्वयंपाकखोलीपासून वर्गाच्या ओट्यापर्यंतचे अंतर पंचवीस-तीस पावलांचे. ऑक्टोबर २०१८ मधल्या एका दुपारी खिचडीचे पातेले आणताना ती एवढ्या अंतरात तीनदा थांबली आणि तिसऱ्या वेळी पातेले खाली ठेवून त्याच्या काठाला धरून बसली. विचारल्यावर म्हणाली, "काही नाही बाई, दम भरून येतोय." पुढच्या आठ दिवसांत कळले की रात्री आडवे झाले की तिला श्वास पुरत नाही आणि गेले कित्येक महिने ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपते. हे तिने कोणालाही सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर पोषण आहाराचे काम दुसऱ्या बाईकडे गेले असते.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिची टू-डी इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मध्ये मायट्रल नावाची झडप असते, तिचे तोंड साधारणपणे ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते, हिचे ०.९ उघडत होते. पुढे जायला वाट नसल्यामुळे रक्त फुप्फुसांत तुंबत होते आणि म्हणून दम. कारण विचारता त्यांनी उलट तिलाच विचारले की लहानपणी घसा दुखून ताप आला होता का आणि त्यानंतर सांधे सुजले होते का. अकराव्या वर्षी तिचे गुडघे आणि मनगटे आळीपाळीने सुजली होती. आजीने हळद-तुरटीचा लेप लावला, सूज उतरली आणि घरचे ते विसरले. सूज उतरली तरी त्या तापाने झडपेला धरलेले सोडले नव्हते. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या या संधिवाताच्या तापावर पेनिसिलिनची इंजेक्शने वेळच्या वेळी मिळाली असती, तर पुढचे बहुतेक टळले असते, असे डॉक्टर म्हणाले. तिने ते ऐकले आणि पदर सारखा करून विचारले, "आता काय करायचं ते सांगा."

फुग्याने झडप रुंद करण्याचा उपाय कमी खर्चाचा होता, पण झडपेवर चुना साचला होता आणि ती गळतही होती. म्हणून झडप बदलणे हाच मार्ग उरला. मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात चौकशी केली तेव्हा सात महिन्यांनंतरचा क्रमांक मिळाला. पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने २,४०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि परतीच्या एसटीत तो तीनदा बाहेर काढून वाचला.

खरे तर हा खर्च तिला लागायलाच नको होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या वेळी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळत, आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत होती. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी असल्याने पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यालासुद्धा सातबाऱ्याच्या आधारे लाभ मिळे. पण तिच्या नावावर सातबारा नव्हता आणि भावाच्या केशरी कार्डावर तिचे नाव नव्हते. नाव होते ते शेजारच्या जिल्ह्यात, सासरच्या कार्डावर. आधार क्रमांकही तिथेच जोडलेला, त्यामुळे तिकडचे नाव कमी झाल्याशिवाय इकडे चढत नव्हते. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने संगणकावर तीन-चार वेळा पाहिले. तो मुलगा भला होता, तो म्हणाला, "मॅडम, बाई पात्र आहेत, पण कागदावर त्या तिकडच्या घरात आहेत."

ज्या घराने तिला नऊ वर्षांपूर्वी बाहेर काढले, त्या घराने कार्डावर मात्र तिला जपून ठेवले होते, आणि त्यामागचे कारण शोधायला फार हुशारी लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्या काळी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. तिचे पाच आणि मुलीचे पाच, असे दहा किलो धान्य हा कायदा लागू झाल्यापासून त्या घरात उतरत होते.

नाव कमी करायला कुटुंबप्रमुखाचा अर्ज लागतो. याच कायद्याने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख ठरते, म्हणजे तिच्या बाबतीत सासू. नोव्हेंबरच्या एका रविवारी मी, तिचा चुलता आणि गावचे एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब असे तिघे जीप करून तिच्या सासरी गेलो. तिला मुद्दाम नेले नाही. नवरा घरी नव्हता किंवा नाही असे सांगण्यात आले. सासऱ्याने आम्हाला बाजेवर बसवले, पाणी दिले आणि मग तासभर दुष्काळावर बोलत राहिले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यामुळे त्या विषयाला तोटा नव्हता. सासू चुलीपाशी पाठमोरी बसून सगळे ऐकत होती. भाऊसाहेबांनी शेवटी अर्ज आणि शाईची डबी बाहेर काढली तेव्हा ती उठून आली, उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "तिचं काढा. पण पोरीचं राहू द्या. पाच किलो हाय ती." एवढे बोलून तिने अंगठा पुढे केला. नातीला तिने नऊ वर्षांत पाहिले नव्हते. पण तिच्या मागे दोन रिकाम्या कणग्या दिसत होत्या आणि मला तिच्यावर रागावता आले नाही.

अंगठा मिळाला, तरी नाव लगेच निघाले नाही. त्या तालुक्याच्या पुरवठा शाखेत आम्ही पाच खेपा घातल्या. कधी ऑपरेटर रजेवर, कधी साइट बंद, कधी साहेब दुष्काळाच्या बैठकीला. एकदा तर अर्जच सापडेना, तेव्हा भाऊसाहेबांनी पिशवीतून त्याची छायाप्रत काढून टेबलावर ठेवली. आयुष्यभर तलाठी म्हणून काम केलेल्या माणसाने स्वतःच्या कागदाची छायाप्रत ठेवली नसेल तरच नवल. इकडे दिवस जात होते. मकर संक्रांतीच्या रात्री तिच्या तोंडाला गुलाबी फेस आला आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तिला अंबाजोगाईला हलवावे लागले. चार दिवसांनी सुट्टी देताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की असा दुसरा झटका तिला झेपणार नाही. कार्डाची वाट पाहणे तिथे संपले आणि पैसे जमवणे सुरू झाले.

धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यानुसार ती सरळसरळ निर्धन गटात बसत होती. रुग्णालयाचे म्हणणे असे पडले की खाट आहे, पण झडपेसाठी निधीत शिल्लक नाही. मी वाद घातला नाही. धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना नेऊन दाखवली. आठवड्याने ७०,००० रुपयांची सवलत मिळाली. कायद्याने पूर्ण हक्काची असलेली गोष्ट एक-तृतीयांशाहूनही कमी मिळाली आणि तरीही बाहेर येऊन मी पेढे घेतले, याची आज मला थोडी लाज वाटते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी अर्ज, डॉक्टरांनी सही केलेले अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका आणि तपासण्यांचे अहवाल असा संच पाठवला. शिधापत्रिका म्हणून भावाचे कार्ड आणि सोबत सगळी हकीकत सांगणारे सरपंचांचे पत्र जोडले. तिथून ५०,००० मंजूर झाले. ही रक्कम रुग्णाच्या हातात येत नाही, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, आणि हीच रीत आम्ही आमच्या वर्गणीसाठी उचलली.

राहिले १,२०,०००, शिवाय प्रवास, राहणे, बाहेरची औषधे. वर्गणी काढायची म्हटल्यावर भाऊसाहेबांनी पहिला प्रश्न टाकला तो परवानगीचा. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते, हे त्यांना पाठ होते. म्हणून आम्ही पावतीपुस्तक छापून फिरायचेच नाही असे ठरवले. ज्याला देता येईल त्याने रुग्णालयाच्या खात्यात तिच्या नोंदणी क्रमांकावर भरावे; ज्याला ते जमणार नाही त्याचे रोख पैसे तिच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा व्हावेत आणि तिथून रुग्णालयाच्या नावाने डिमांड ड्राफ्ट निघावा. माझ्या किंवा भाऊसाहेबांच्या खात्यात एक रुपयाही येऊ द्यायचा नाही. दर शनिवारी वहीचे पान शाळेच्या फलकावर लावायचे. गावात पैशावरून माणसे तुटतात हे आम्ही दोघांनी पुरेसे पाहिले होते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने इंटरनेटवरून निधी गोळा करणाऱ्या एका कंपनीशी बोलणे करून दिले. त्यांना छायाचित्र हवे होते, शक्यतो नाकात ऑक्सिजनची नळी असलेले, आणि शेजारी मुलगी. मी ते तिला विचारले, हा माझा दोष. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, उद्या पोरीला कोणी दाखवंल का नाही, तुझी आई बघ म्हून?" त्यानंतर तो विषय आम्ही बंद केला. पैसे कदाचित दोन दिवसांत जमले असते. पण तो फोटो पुढे वीस वर्षे त्या मुलीच्या मागे फिरला असता, हे तिला माझ्याआधी कळले होते.

अडचण अशी की गाव रिकामे होते. दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तिचा भाऊ आणि भावजयही सांगलीकडे एका कारखान्याच्या फडावर होते. निरोप मिळताच भावाने मुकादमाकडे एक लाखाची जादा उचल मागितली आणि मुकादम तयारही झाला. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, हंगामाआधी मिळणारी ही उचल ऊस तोडून फेडायची असते; दुष्काळात एक लाख जादा चढले तर ते दोघे पुढचे दोन हंगाम त्याच मुकादमाला बांधले गेले असते आणि त्यांचा थोरला मुलगा शाळा सोडून त्यांच्याबरोबर ऊसतोडीला गेला असता. तो माझ्याच वर्गात होता आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहत होता. मी भावाला फोनवर जेवढे कडक बोलले तेवढे आयुष्यात कोणाशी बोलले नसेन. तो ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, "बाई, मग मी काय देऊ?"

उत्तर त्याच्या टोळीने शोधले. ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढे, बांधून ते चाऱ्यासाठी विकता येते. उचलीच्या हिशेबात सगळी मजुरी अडकलेली असताना तोडकऱ्याच्या हातात रोजचे तेल-मीठ घेण्यापुरती जी रोकड खुळखुळते ती या वाढ्याची. त्या वर्षी चाऱ्याची टंचाई असल्याने वाढ्याला चांगला भाव होता. आमच्या गावच्या तीन टोळ्यांनी ठरवून एका रविवारचे वाढे तिच्यासाठी विकले. पैसे एका ट्रकचालकाबरोबर आले: दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा, काही उसाच्या चिकाने एकमेकींना चिकटलेल्या. बँकेतल्या रोखपालाने त्या मोजायला नकार दिला, म्हणून भाऊसाहेब आणि मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून ओल्या रुमालाने त्या सोडवल्या. २३,१४० रुपये भरले.

बाकीचे पैसे गोळा करताना एक प्रश्न वारंवार आला, आणि तो पुरुषांकडून अधिक आला: "पिशवीचंच ऑपरेशन असंल ना?" आमच्या भागात बाईचे ऑपरेशन म्हटले की माणसांच्या डोळ्यांसमोर गर्भाशय काढणेच येते. पुढे त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,००० हून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. लोकांचा संशय निराधार नव्हता. पिशवीसाठी कर्ज काढून फसलेली घरे त्यांनी पाहिली होती. म्हणून मी इकोचा अहवाल आणि डॉक्टरांनी काढलेले ते चित्र सोबत ठेवू लागले. झडपेचे चित्र पाहिल्यावर मोटार दुरुस्त करणाऱ्या एकाने लगेच ओळखले, "म्हणजे पंपाचा वॉल गेलाय," आणि पाचशे रुपये काढून दिले. गावात याहून चांगले वर्णन मला कोणाला करता आले नाही.

वहीतील आकडे असे: तालुक्यातील शिक्षकांकडून ४१,५००, चाकण-पुण्याकडे कामाला असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून ३६,२००, एका देवस्थानाकडून २५,०००, वाढ्याचे २३,१४०, गावातील दुकानदार, दूध संकलन केंद्र आणि इतरांकडून मिळून ३१,७६०. शेवटची नोंद १०,००० ची, तिच्या स्वतःच्या बचत गटाच्या कर्जाची. ते कर्ज नको म्हणून मी तिला समजावत होते, कारण महिन्याला दोन टक्के व्याज होते आणि इतर पैशांतून भागत होते. ती म्हणाली, "माझ्या आपरेशनात माझा पैसा नगं का?" एकूण जमले १,६७,६००.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. रक्तदानासाठी गावातून सहा तरुण जीपने पुण्याला आले. त्यातल्या दोघांचे हिमोग्लोबिन कमी भरले आणि ते परतीच्या वाटेवर कोणाशी बोलले नाहीत. साडेचार तासांनी सर्जन बाहेर येऊन झडप बसली असे म्हणाले. रुग्णालयाचे १,२०,००० आणि इतर खर्चाचे २९,२५० वजा जाता वहीत १८,३५० शिल्लक राहिले. तिचे नाव असलेले नवे केशरी कार्ड शस्त्रक्रियेनंतर तेविसाव्या दिवशी आले. भाऊसाहेबांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि काही न बोलता मला दिले.

शिल्लक कोणाला परत करायची, यावर गावात थोडी चर्चा झाली. ती डिस्चार्जच्या कागदाने मिटली. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ती कमी-जास्त होऊन चालत नाही. कमी पडली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ततपासणी करून आकडा २.५ ते ३.५ च्या दरम्यान आहे ना, हे पाहावे लागते. शिवाय दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन. मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर नाही, असे केले तरी आकडा हलतो. शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्यांपैकी एकानेही या तपासणीबद्दल विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही अंदाजपत्रक वाचताना पुढच्या तीस वर्षांच्या तपासण्यांचा हिशेब केला नव्हता. २,४०,००० हा मोठा आकडा बघून माणूस हात सैल सोडतो. दर महिन्याच्या तीनशे रुपयांसाठी दारोदार जाता येत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या गावातील एकासाठी असाच निधी काढायची वेळ आली, तेव्हा मी पहिल्याच बैठकीत शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांचा खर्च मूळ मागणीत धरायला लावला, आणि त्यावरून माझ्यावर थोडी नाराजीही झाली.

त्या १८,३५० रुपयांची आम्ही तिच्या खात्यावर मुदत ठेव केली आणि तपासणीपुरते पैसे लागतील तसे काढले. बचत गटाचे कर्ज तिने चौदा महिन्यांत फेडले. टाळेबंदीत तीन महिने अंबाजोगाईला जाता आले नाही. तेव्हा गोळी तीच ठेवून, भाजीही रोज तीच खाऊन तिने दिवस काढले आणि जूनमध्ये आकडा २.६ आला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले, तेव्हा वहीतील प्रवासाचा रकाना निम्म्यावर आला आणि ठेव अजून काही महिने पुरली. १ जुलै २०२४ पासून जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डालाही ती लागू झाली. ते वर्तमानपत्रात वाचून तिने मला विचारले की पोरीचे नाव कोणत्या कार्डावर आहे. ते अजून तिकडेच आहे.

वही आता तीच लिहिते. अक्षर मुलीचे असते, आकडे ती सांगते. मागच्या महिन्याचे पान असे आहे: आयएनआर २.९. तपासणी ३००. गोळ्या. एसटी जाऊन-येऊन. चहा नाही.